चार महिन्यांची मुलगी, पाचोरा-जळगाव अप-डाऊन आणि डब्याचं दूध: सुरुवात कशी करू?

पाचोऱ्याची_सून

नमस्कार. माझी मुलगी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास चार महिन्यांची होतेय. आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध, दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. मागच्या लसीच्या वेळी वजन ५ किलो ९०० ग्रॅम भरलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम चाललंय.

मी जळगावला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. आम्ही सगळे मिळून सहा जण. दहापेक्षा कमी माणसं असल्याने २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा आम्हाला लागत नाही, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे आखाजी झाली की रुजू व्हायचंय. नोकरी सोडणं जमणार नाही, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. सकाळी आठच्या सुमारास घर सोडायचं आणि परत यायला सात. गाडी लेट झाली की आठ.

दिवसभर मुलगी सासूबाईंजवळ राहील. त्यांनी चार पोरं वाढवली, जिवापाड करतात, त्याबद्दल मनात जराही शंका नाही. पण त्यांच्या मते डब्याचं दूध घट्ट करून द्यायचंच नसतं. "पावडरनं दूध जड पडस, जरासं पानी जास्ती टाक," असं त्यांचं सुरू झालंय. शेजारच्या आजी म्हणतात, डबा आणूच नका, शेळीचं दूध द्या. माझी आई म्हणते, गाईचं दूध अर्धं पाणी घालून द्या, तुम्ही दोघी बहिणी त्यावरच वाढल्या. मेडिकलवाल्याने एक महागाचा डबा पुढे केला आणि सांगितलं की यानेच वजन वाढतं.

माझे प्रश्न असे. पूर्ण डब्यावर न्यावं लागेल का, की सकाळ-संध्याकाळ माझं चालू राहू शकतं? सुरुवात किती दिवस आधी करू? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. टाकीत साठवतो आणि प्यायला जार आणतो. ते पाणी बाळाच्या दुधाला चालेल का? आणि या उन्हात मधूनमधून पाणी पाजावं का?

रात्री तिला पाजताना ती माझं बोट घट्ट धरून ठेवते आणि मला रडू येतं. नातेवाइकांत आत्ताच कुजबुज आहे की नोकरीसाठी पोरीचं दूध तोडतेय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

अमळनेरची_वैशू

ताई, मी यातून गेले आहे. अमळनेर-जळगाव, तुझ्यासारखंच अप-डाऊन. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता.

पहिली गोष्ट, दूध तोडू नकोस. मी फक्त दिवसाचं पाजणं बदललं, बाकी सगळं अंगावरचं चालू ठेवलं. निघायच्या आधी भरपेट पाजायचे, घरी आल्या आल्या चप्पल काढून हातपाय धुऊन मांडीवर घ्यायचे आणि रात्री तर तो माझ्याच कुशीत. दीड वर्षापर्यंत प्यायला.

मी रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी सुरुवात केली. आधी फक्त दुपारचं एक पाजणं. तो रुळला की दुसरं. पहिले काही दिवस त्याने माझ्या हातून वाटी-चमच्याने काही घेतलंच नाही, तोंड फिरवून माझ्या पदरात डोकं खुपसायचा. आजेसासूबाईंनी घेतलं, मला मागच्या खोलीत पाठवलं आणि बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) पाजलं. गटागट प्यायला. बाळाला आईचा वास येतो गं, समोर आई असताना ते दुसरं कशाला घेईल?

ऑफिसात पहिले आठ-दहा दिवस दुपारी छाती दाटून यायची. जेवणाच्या सुट्टीत हाताने थोडं काढून टाकायचे, फक्त ताण जाईल इतकंच. परतीच्या गाडीत धरणगाव गेलं की पान्हा फुटायचा. गडद रंगाची ओढणी आणि आत सुती कापडाची घडी, एवढं जवळ ठेव.

आणि त्या कुजबुजीकडे लक्ष देऊ नकोस. हप्ता तुला भरायचाय, त्यांना नाही.

धुळ्याची_मावशी

पोरी, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. वैशूने लिहिलंय ते बरोबर. मी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझ्या प्रश्नात जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती डब्याची नाही, सासूबाईंच्या "जरासं पानी जास्ती"ची आहे.

आईचं दूध सर्वांत चांगलं, सहा महिने फक्त तेच द्यावं, हे मी आयुष्यभर सांगत आले आणि आजही सांगेन. पण तुला कामावर जायचंय, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच वरचं दूध लागणार. आता ते बिनधोक कसं द्यायचं एवढाच प्रश्न उरतो. वॉर्डात मी वरच्या दुधावरची बाळं आजारी पडून आलेली पाहिली, ती बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे पाणी आणि भांडी स्वच्छ नाहीत, म्हणून जुलाब. दुसरं म्हणजे पावडरचं प्रमाण चुकलेलं.

एक बाळ मला अजून दिसतं. उन्हाळ्याचे दिवस, आजी आणि आई दोघी धावत आल्या, बाळाला झटके येत होते. रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. आईला विचारलं काय पाजता, तर तिने पिशवीतून बाटली काढून दाखवली. आतलं दूध इतकं पातळ की बाटलीच्या पलीकडची तिची बोटं दिसत होती. अख्ख्या बाटलीला एक चमचा पावडर. डबा महिनाभर पुरवायचा होता आणि जड पडू नये ही काळजीही होती. बाळ वाचलं. पण तेव्हापासून मी प्रत्येक आजीला हात धरून चमचा मोजायला लावायचे. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मोजीसनच टाका. जास्त पाण्याने बाळ पोट भरून उपाशी राहतं आणि अंगातलं मीठ उतरतं. जास्त पावडरने कडक शी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो, उन्हाळ्यात तर फारच. दोन्हीकडे धोका आहे.

बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, पण तुझ्या डब्यावर काय छापलंय ते वाच आणि तेच धर. चमचा त्याच डब्यातला. सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारून सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर. १२० मिली पाण्याला चार चमचे. ही चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावरच्या फरशीला चिकटव. सासूबाईंना अक्षरं दिसत नसतील तर बाटलीवर १२० च्या रेघेला लाल नेलपॉलिश लाव.

डबा सहा महिन्यांपर्यंतचा, म्हणजे एक नंबरचा घे. मेडिकलवाल्याचं मनावर घेऊ नकोस. एक नंबरच्या डब्यात काय किती असावं हे कायद्याने बांधून दिलंय, महागाचा म्हणून बाळ जास्त भरतं असं नाही. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र का नसतं माहीत आहे? १९९२ च्या कायद्याने या दुधाची जाहिरातच बंद केलीय. कुणी फुकट नमुना देऊ केला तर तोही बेकायदा.

आता पाणी. जारचं चालेल, टाकीचंही चालेल, पण दोन्ही उकळूनच. फिल्टरचं म्हणजे जंतू नसलेलं, असं समजू नकोस. खळखळून उकळी येऊ दे, गॅस बंद कर आणि अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घाल. पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू त्या गरम पाण्याने मरतात. मग बाटली थंड पाण्याच्या पातेल्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. सासूबाईंना दर वेळी गॅसपाशी उभं राहणं जड जाईल, तर तू निघताना उकळतं पाणी स्वच्छ स्टीलच्या थर्मासमध्ये भरून ठेव. दुपारनंतर त्यांनी एकदा नव्याने उकळायचं. थर्मासमध्ये पाणीच ठेवायचं, तयार दूध कधीही नाही. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावून उरलेलं असेल तर सरळ ओतून द्यायचं. मे महिन्यात खानदेशात दोन तासही मी फार मानते.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, कारण त्याला कानाकोपरा नसतो, घासलं की निघतं. बाटलीच द्यायची तर दूध गेल्यावर लगेच ब्रशने आतून घासायची, बूच (निपल) उलटं करून घासायचं आणि मग बाटली, बूच, झाकण सगळं पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळायचं.

सुरुवात आजच कर. पहिलं बदल ते दुपारचं, कारण तेव्हा तू ऑफिसात असशील. चार-पाच दिवस तेवढंच. मग सकाळी अकराच्या सुमाराचं, मग चार-साडेचारचं. भराभर बदललंस तर छातीत गाठी होऊन ताप भरतो. लाल झालं, दुखलं आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांकडे जायचं, पण त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही. रात्रीचं पाजणं सोडू नकोस. रात्री पाजल्यानेच दूध टिकतं.

गाईचं, शेळीचं, म्हशीचं दूध आत्ता नाही. त्यात प्रथिनं आणि क्षार एवढ्या बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, लोह जवळजवळ नाहीच, आणि पाणी घातलं की ताकदही जाते. शेळीच्या दुधात रक्त तयार व्हायला लागणारं फोलेट फार कमी. वर्षाची झाली की गाईचं दूध खुशाल दे. तुझ्या आईला वाईट वाटू देऊ नकोस, तेव्हा तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

वरचं पाणी पाजू नकोस. तुझ्या दुधात पाणी आहे, उन्हात ती जास्त वेळा मागेल तेव्हा पाज. मध नको, साखर नको, गुटीही नको.

पाचोऱ्याची_सून

मावशी, वैशू, कसे आभार मानू. मावशींचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बाळाचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच विचारलं, सपाट म्हणजे किती, दाखव. आम्ही दोघींनी मिळून चार चमचे सपाट करून बघितले.

काल दुपारी पहिल्यांदा दिलं. मी शेजारी जाऊन बसले. वाटीने साधारण ६० मिली घेतलं, थोडं सांडलं, ढेकर काढली आणि झोपली. आज मात्र तोंडच मिटून घेतलं. जबरदस्ती नको म्हणून सोडून दिलं.

आणखी तीन गोष्टी विचारते. दिवसभरात एकूण किती लागेल? शी बदलली तर घाबरायचं का? आणि माझं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर एखादं पाजणं त्यावर भागेल का? आमच्याकडे दुपारी लाइट जाते, त्याची भीती वाटते.

भुसावळ_रेल्वे_पप्पा

ताई, पुरुषाने या विषयात बोलावं का, असं वाटलं, पण आमच्या जुळ्यांना मीच पाजलं आहे, म्हणून लिहितो. बायकोचं दूध दोघांना पुरत नव्हतं.

खर्चाचा अंदाज आधीच बांधा. एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर बसते. १२० मिलीची तीन पाजणी म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या वर. ४०० ग्रॅमचा डबा आठवडाभरच जातो. हे घरात सगळ्यांना आधी सांगितलं की मग "एवढ्यात संपला?" असं कुणी म्हणत नाही आणि पाणी वाढवायचा मोह होत नाही. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा, झाकण घट्ट लावा, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते.

बाटली दिलीच तर झोपवून देऊ नका. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, बाटली जवळजवळ आडवी, मधूनमधून काढून श्वास घेऊ द्यायचा. तिने मान वळवली की पुरे. "एवढंसंच राहिलंय, संपव" असं म्हणून आमच्या घरचे पाजायचे आणि दोघंही ओकायचे. ते थांबवलं आणि ओकणंही थांबलं.

रजेचं एक सांगतो. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी ऑफिसात दहा माणसं कामाला असली, तरी कायदा लागतो. सीएंच्या ऑफिसात सीझनला माणसं वाढतात. एकदा हजेरीपट बघून घ्या. आणि कायदा लागत असेल तर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोनदा पाजण्यासाठी जादा सुट्टीही मिळते.

धुळ्याची_मावशी

आज तोंड मिटलं तर मिटू दे. उद्या ती नुकती जागी झालेली, फार भुकेली नसताना द्या. भुकेने रडायला लागली की नवीन काही घेत नाही. काही बाळांना आठवडा लागतो.

किती लागेल ते वजनावर. सगळं वरचंच असतं तर किलोला साधारण १५० मिली, म्हणजे तुझ्या मुलीला दिवसरात्र मिळून ९०० मिलीच्या आसपास. तिचं अर्धंअधिक तर तुझ्याकडूनच जाणार. तू नसताना तीन पाजणी १२० ची धर, एखादे दिवशी चौथं लागेल, एखादे दिवशी ती ८० वरच थांबेल. आकड्यासाठी पाजू नका. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू झाली, शूचा रंग फिका असला आणि पोरगी खेळती असली की पोट भरतंय.

शी बदलेलच. पिवळी पातळ होती ती घट्ट होईल, रंग मातकट किंवा हिरवट होईल, वासही येईल. त्याला घाबरायचं नाही. खड्यासारखी होऊन ती कुंथून रडायला लागली तर आधी चमचा सपाट आहे ना ते बघ, मग डॉक्टरांना विचार. घाबरायचं कशाला, तर शीतून रक्त आलं, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, सारखी ओकतेय, अंगावर गांध्या उठल्या, शू कमी झाली, टाळू आत गेली किंवा मलूल पडली तर. मग संध्याकाळची वाट बघायची नाही, तू गाडीत असलीस तरी सासूबाईंनी तिला घेऊन निघायचं. डॉक्टरांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये पहिल्या जागी भरून ठेव आणि त्या वेळी कुणाची गाडी मिळेल तेही आजच ठरव.

दूध काढून ठेवायचं म्हणालीस, फार चांगला विचार आहे. पहाटे पाजल्यानंतर दुसऱ्या बाजूचं हाताने दाबून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात काढ, झाकण लाव आणि फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेव, दारात नको. चालू फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, पण तुमच्याकडे लाइट जाते, म्हणून पहाटे काढलेलं त्याच दिवशी सकाळच्या पाजण्याला वापरून टाक. म्हणजे लाइट जायच्या आत ते संपलेलं असेल. बाहेर ओट्यावर या दिवसांत अजिबात ठेवू नका. कोमट करायचं ते गरम पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर उकळायचं नाही. असं जमलं तर दिवसाची दोनच पाजणी डब्याची राहतील.

पाचोऱ्याची_सून

दोनच राहतील हे वाचूनच किती हलकं वाटलं. भाऊ, हजेरीपटाचं डोक्यातच आलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे डेटा एन्ट्रीला पोरं येतात, उद्या फोन करून विचारते.

मावशी, शेवटचं. रविवारी मी घरी असेन, तेव्हाही सवय मोडू नये म्हणून डब्याचंच द्यायचं का?

धुळ्याची_मावशी

नाही गं. रविवारी तू घरी, तर सगळं अंगावरचं. बाळाची सवय अशी मोडत नाही, तिला आजीच्या मांडीवर वाटी आणि तुझ्या मांडीवर तू, हे लवकर कळतं. उलट सुट्टीच्या दिवशी जास्त वेळा लावलंस तर दूध वाढतं. सोमवारी दुपारी थोडं जास्त दाटेल, तेवढं काढून टाक. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर ते बंद करू नकोस.

आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला अंगणवाडीत त्याच काट्यावर वजन कर, अंगावर फक्त झबलं ठेवून. या वयात महिन्याला साधारण अर्धा किलो वाढायला हवं. पहिलं वजन झालं की आकडा इथे लिही, मी बघते.